लांबलचक इंग्रजी शब्द: अक्षरं मोजू नका, सांधे शोधा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी आठवीत, कोल्हापुरातल्याच शाळेत. स्पेलिंगच्या स्पर्धेसाठी शाळेनं लांब शब्दांची यादी दिली आहे आणि ती अक्षरं बघून गटागटानं लावली आहे: शेवटी 'ऑलॉजी' असलेले एकीकडे, पोटात 'पेड' असलेले दुसरीकडे, 'अँटी'नं सुरू होणारे तिसरीकडे. मुलगी रात्री घोकते, चार दिवसांत निम्मे शब्द विसरते आणि अर्थ विचारला की एका गटातल्या सगळ्या शब्दांना एकच अर्थ चिकटवते. 'पेडॅगॉग' म्हणजे पायी चालणारा, असं तिनं वर्गात सांगितलं आणि मुलं हसली.

मुलीला रागावू नका. तिनं यादीवर विश्वास ठेवला, इतकंच. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी हे तिला ठाऊक होतं. त्याच गटात 'पेडॅगॉग' आला, म्हणून तिनं तोच पाय इथंही लावला. तर्क चांगला होता, यादी वाईट होती.

राजारामपुरीत इंग्रजीच्या शिकवण्या घेता घेता माझे केस पांढरे झाले. तेवढ्या अनुभवावर सांगतो, इंग्रजीत खरे अवघड शब्द आखूड असतात. 'सेट', 'रन', 'गेट', 'टेक' हे शब्द मोठ्या शब्दकोशात पानंच्या पानं खातात. वाक्य बदललं की अर्थ बदलतो आणि तो कुठल्या नियमानं काढता येत नाही. लांब शब्दांचं तसं नाही. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो आणि तो त्यांच्या अंगावरच लिहिलेला असतो, कारण यातले बरेचसे शब्द विद्वानांनी ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून मुद्दाम घडवले आहेत. आपण 'हृदयविकारतज्ज्ञ' किंवा 'भूगर्भशास्त्र' घडवतो ते असंच. मराठी मुलाला 'भूगर्भशास्त्र' हा शब्द लांब वाटत नाही, कारण त्याला त्यातले तीन तुकडे दिसतात. इंग्रजी शब्दातले तुकडे दिसायला लागले की तिथलीही लांबी जाणवत नाही.

एक शब्द चिरूनच बघू. सीपीआरसारख्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात कान-नाक-घशाचा विभाग असतो. त्याचं शास्त्रीय नाव 'ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी', इंग्रजीत १९ अक्षरं. 'ओटो' म्हणजे कान, 'ऱ्हायनो' म्हणजे नाक, 'लॅरिंगो' म्हणजे स्वरयंत्र, 'लॉजी' म्हणजे शास्त्र. झालं. आता यातला प्रत्येक तुकडा दुसरीकडे कुठं भेटतो ते मुलीला शोधू द्या. 'ऱ्हायनॉसेरॉस' म्हणजे गेंडा, ग्रीकमध्ये अक्षरशः 'नाक-शिंग्या'. 'लॅरिंजायटिस' म्हणजे घसा बसतो तो दाह. इथं 'आयटिस' हा नवा तुकडा हाती लागला की टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस, आर्थ्रायटिस, अपेंडिसायटिस सगळे उलगडतात: त्या त्या अवयवाची दाहक सूज. 'आयटिस'च्या जागी 'एक्टमी' आलं की तो भाग कापून काढला, 'टॉन्सिलेक्टमी'. नुसतं 'ऑटमी' असेल तर फक्त छेद घेतला. 'ऑस्टमी' असेल तर छेद घेऊन तिथं तोंड करून ठेवलं. 'ऑस्टमी'त ग्रीक 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. पण 'एक्टमी' आणि 'ऑटमी'त कापण्याचा जो 'टॉम' आहे तोच 'ॲनाटमी'त आहे आणि तोच 'ॲटम'मध्येही: जो कापता येत नाही तो. पुढे तो फोडला गेलाच, पण नाव राहिलं.

हे शिकवताना पहिली अडचण येते ती अशी, की सांधा दिसतो तिथं असेलच असं नाही. 'हेलिकॉप्टर' सगळे 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतात. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनी तसाच तोडला आणि त्यातून 'हेलिपॅड' काढलं. खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये आहे. 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्रासारखा फिरत जाणारा आकार, 'प्टेरॉन' म्हणजे पंख. तोच पंख 'टेरोडॅक्टिल' या लुप्त झालेल्या उडत्या प्राण्याच्या नावात आहे. त्याचा पंख एका लांब बोटावर ताणलेला असायचा, म्हणून पंख आणि बोट असं नाव पडलं. सुरुवातीचा 'पी' मुका का, हे कळलं की तो लिहायला कुणी विसरत नाही. फुलपाखरांचा गण 'लेपिडॉप्टेरा', म्हणजे खवले असलेल्या पंखांचे. डास आणि माश्या 'डिप्टेरा', दोन पंखांच्या. पण 'चॅप्टर'च्या शेवटीही पी-टी-ई-आर हीच अक्षरं आहेत, आणि तिथं पंखाचा पत्ता नाही. तो लॅटिनमधल्या 'डोकं' या शब्दापासून आला.

अक्षरं सारखी आणि तुकडा वेगळा, ही गोष्ट मुलीच्या मनावर एकदा ठसली की अर्धं काम झालं. पण आधी, तुकडा एकच असताना अर्थ किती लांब जातात त्याची एक गंमत सांगतो, कारण ती मुलांना फार आवडते. 'अँजिओप्लास्टी' आता आपल्याकडे गल्लीगल्लीत माहीत आहे. 'अँजिओ' म्हणजे मुळात भांडं, त्यावरून रक्ताची वाहिनी. विज्ञानाच्या पुस्तकात 'अँजिओस्पर्म' येतात, मराठीत आवृत्तबीजी वनस्पती. तिथंही तेच भांडं, बी आवरणात ठेवलेलं. त्यांच्या समोरचे 'जिम्नोस्पर्म', अनावृत्तबीजी, बी उघडं. 'जिम्नॉस' म्हणजे उघडा, नागडा. आणि 'जिम्नॅशियम'? प्राचीन ग्रीक तरुण अंगावर काही न ठेवता व्यायाम करत, त्या जागेचं हे नाव. आपल्या तालमीत निदान लंगोट तरी असतो. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांना हिंदुस्थानात दिगंबर साधू भेटले, त्यांना ते 'जिम्नोसॉफिस्ट' म्हणाले, उघडे ज्ञानी. त्यातला 'सॉफ' तोच, जो 'फिलॉसॉफी'त आहे. मुलीला हा शब्द स्पर्धेत येईल न येईल, पण 'जिम्नॅस्टिक्स'मध्ये वाय कुठं आणि आय कुठं याचा घोळ पुन्हा होणार नाही.

आता तुमच्या मुलीच्या 'पेड'कडे. हे एकसारखं दिसणारं अक्षरांचं त्रिकूट तीन वेगळ्या घरांतून आलेलं आहे. पहिलं लॅटिनमधलं, पाय. पेडेस्ट्रियन, सायकलचं पेडल, 'एक्सपिडिशन' म्हणजे पाय मोकळे होऊन निघणं, 'इंपेडिमेंट' म्हणजे पायात आलेला अडथळा. दुसरं ग्रीकमधलं, मूल. 'पेडिॲट्रिक्स' बालरोगशास्त्र, आणि 'पेडॅगॉग' म्हणजे मूळ ग्रीकमध्ये मालकाच्या मुलाला शाळेत पोहोचवणारा गुलाम, पुढे शिक्षक. (पगार बघितला तर फारसा फरक पडलेला नाही.) 'एन्सायक्लोपीडिया'तलं 'पीडिया' याच घरातलं, मुलाचं शिक्षण. तिसरं घर छोटं: ग्रीकमधलीच जमीन, त्यावरून 'पेडॉलॉजी' म्हणजे मृदाशास्त्र.

हा घोळ अमेरिकन स्पेलिंगनं वाढवला. मुलाच्या अर्थाचा जो 'पेड' आहे तो ब्रिटिश पद्धतीत पी-ए-ई-डी असा लिहितात. तिथं ए दिसतो, म्हणून दोन घरं वेगळी राहतात. अमेरिकेनं ए काढून टाकला आणि दोन्ही एकसारखी दिसायला लागली. 'ऑर्थोपीडिक्स' हा याचा सगळ्यात चांगला नमुना. आपण ज्यांना हाडांचे डॉक्टर म्हणतो त्यांच्या पाटीवरच्या या शब्दात हाड कुठंच नाही. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरानं १७४१ साली हा शब्द घडवला: 'ऑर्थो' सरळ, आणि 'पेड' मूल. मुलांच्या शरीरातला वाकडेपणा सरळ करण्याची विद्या. आज तिथं गुडघे बदलायला आलेले आजोबा जास्त दिसतात.

अशा जोड्या आणखी बऱ्याच आहेत. सगळ्या इथं लिहीत नाही, पण यादीत हमखास येणाऱ्या काही सांगतो.

'अँटी' आणि 'अँटे'. पहिलं ग्रीक, विरुद्ध: अँटिबायॉटिक, अँटिसेप्टिक. दुसरं लॅटिन, आधी: 'अँटेनेटल' म्हणजे बाळंतपणाआधीचं, आणि घड्याळातलं 'एएम' म्हणजे 'अँटे मेरिडियम', मध्यान्हीच्या आधी. इथपर्यंत सोपं. पण 'अँटिसिपेट'मध्ये आय आहे आणि विरोध नाही. तो 'आधी'च्याच घरातला, आधीच धरणं. 'अँटीक'सुद्धा तिथलाच.

'ऑलॉजी' म्हणजे शास्त्र, असं शाळेत सांगतात आणि ते बहुतेक वेळा चालतं. 'अँथ्रपॉलॉजी' मानववंशशास्त्र, 'सिस्मॉलॉजी' भूकंपशास्त्र. मग मूल 'अँथॉलॉजी'ला फुलांचं शास्त्र ठरवतं. फुलं बरोबर, शास्त्र चूक. 'अँथॉस' फूल, आणि इथला दुसरा तुकडा गोळा करण्याचा. फुलं वेचून केलेला गुच्छ, त्यावरून निवडक कवितांचा संग्रह. अंबाबाईच्या देवळाबाहेर टोपलीत जी शेवंती दिसते तिचं इंग्रजी नाव 'क्रिसँथेमम', सोनेरी फूल, यातही तोच 'अँथ'. आणि 'ट्रिलॉजी', 'अपॉलॉजी', 'यूलॉजी' यांत 'लॉजी' म्हणजे बोलणं, कथन. 'लॉजी' दिसली की आधी विचारायचं: शास्त्र, बोलणं की वेचणं?

'साइड', म्हणजे मारणारा किंवा मारणं. कृषी सेवा केंद्रातल्या बाटल्यांवर ते सगळं घराणं एका फळीवर मिळतं: पेस्टिसाइड, फंजिसाइड, हर्बिसाइड. मूळ लॅटिन क्रियापद कापण्याचं. म्हणून 'डिसाइड'ही त्यातलाच, बाकीचे पर्याय छाटून टाकणं. 'कोइन्साइड' मात्र नाही. तो पडण्याच्या क्रियापदापासून आला, एकाच वेळी येऊन पडणं. 'ॲक्सिडेंट' आणि 'इन्सिडेंट' त्याची भावंडं. लॅटिनमध्ये या दोन क्रियापदांत जेमतेम एका स्वराचा फरक आहे, आणि इंग्रजीत येईपर्यंत तोही पुसला गेला.

आणि सुरुवातीचं 'इन'. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीच्या नाक्याशी उभं राहिलं की टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं दिसतं. 'इन' म्हणजे नाही, असं शिकलेल्या मुलाला वाटतं, चला, हा पेटणारा नाही. पेट्रोलच्या टँकरबाबत असला गैरसमज परवडत नाही. इथं 'इन'चा अर्थ 'आत'; 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणं, त्यावरून हा शब्द. हा धोका लक्षात आल्यामुळेच सुरक्षेच्या पाट्यांवर 'फ्लेमेबल' हा आखूड शब्द पसरला. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. 'इनव्हॅल्युएबल' हा उलट खरंच नकाराचा, पण तो किमतीला नकार देत नाही, किंमत करण्याला देतो. आपला 'अनमोल' याच बांध्याचा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कुणी सांगत नाही. यातले कितीतरी तुकडे मराठी मुलाला जन्मापासून येतात. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचं मूळ एक असावं. भाषाशास्त्राच्या दृष्टीनं ते प्रकरण मोठं आहे. आठवीतल्या मुलीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच, की तिचं निम्मं पाठांतर वाचतं.

ग्रीकमधला नकार घ्या. व्यंजनाआधी 'अ', स्वराआधी 'अन्'. 'एपॅथी', 'एथिइस्ट' एकीकडे, 'ॲनार्की', 'ॲनिमिया', 'ॲनॉनिमस' दुसरीकडे. हा नियम मुलीला कुणी शिकवायची गरज नाही. ती रोज 'अज्ञान' म्हणते आणि 'अनादर' म्हणते, 'अशक्य' म्हणते आणि 'अनावश्यक' म्हणते. तोच नियम, तोच तुकडा. 'डिस', डी-वाय-एस असं लिहिलेलं, म्हणजे आपला 'दुस्' किंवा 'दुर्'. 'डिसेंट्री' म्हणजे आतड्याची दुरवस्था. आपला 'सु' म्हणजे त्यांचा 'यू', ई-यू असा लिहिलेला: 'यूफनी' सुस्वरता, 'यूलॉजी' चांगलं बोलणं. 'इंटर' म्हणजे 'अंतर्'. 'इंटरनॅशनल'ला 'आंतरराष्ट्रीय' म्हणणाऱ्यांनी सख्ख्या भावालाच शोधून आणलं. आणि माझा लाडका शब्द भूमितीचा: 'पेरिमीटर' आणि 'परिमिती'. 'पेरी' म्हणजे 'परि', आणि 'मीटर' व 'मिती' दोन्ही मापणाऱ्या एकाच धातूची. फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवा.

'होमो' इथं सांगतो, कारण तो दुहेरी आहे. ग्रीक 'होमो' म्हणजे आपला 'सम'. 'होमोजिनियस', समजातीय. लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस: 'होमो सेपियन्स', 'होमिसाइड'. शब्दाचा दुसरा तुकडा ग्रीक आहे की लॅटिन ते पाहिलं की पहिला कुठला ते सहसा कळतं.

दात म्हणजे 'डेंट', नाव म्हणजे 'नॉमिन', नौका म्हणजे 'नॅव्ह', नवं म्हणजे 'निओ', आकडे तर सांगायलाच नकोत. फक्त एक सावधगिरी. ऐकायला सारखं म्हणून लगेच नातं जोडू नये. आपला 'संत' आणि इंग्रजीतला 'सेंट' जुळे वाटतात, पण त्यांचा काही संबंध नाही. एक 'सत्'पासून, दुसरा लॅटिनमधल्या 'पवित्र केलेला' या अर्थाच्या शब्दापासून. शब्दकोशात उगम पाहिल्याशिवाय सोयरीक पक्की करायची नाही.

एक घराणं खास कोल्हापूरकरांसाठी. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, महामार्ग बंद पडला, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत 'इनन्डेशन' आणि 'सराउंडेड' हे शब्द दिसायचे. लॅटिनमध्ये 'उंडा' म्हणजे लाट. 'इनन्डेशन' म्हणजे लाटा आत येणं, जलमय होणं. 'अबंडन्स' म्हणजे काठ ओलांडून वाहण्याइतकं मुबलक. 'रिडंडंट' म्हणजे भरून वाहून जाणारं, म्हणून फालतू, जास्तीचं. 'अंड्युलेट' म्हणजे लाटेसारखं वरखाली होणं. आणि 'सराउंड'? सगळे त्यात 'राउंड', म्हणजे गोल, बघतात. तो मुळात 'सुपर' आणि 'उंडा' यांचा जोड आहे, वरून पाणी जाणं. 'राउंड'शी दिसायला जवळ असल्यामुळे पुढे त्याचा अर्थ वेढण्याकडे सरकला. महापुराच्या दिवसांत त्याचे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडत होते. आपलं 'उदक' आणि ही 'उंडा' एकाच मुळाची. 'फंड', 'थंडर', 'अंडर' यांत तीच तीन अक्षरं आहेत, पण लाट नाही. हे तीन शब्द लाटेच्या शब्दांत मुद्दाम मिसळून मुलीला द्या आणि लाट कुठं आहे ते ओळखायला सांगा.

तुम्ही पुढे विचारलंय की जगातला सर्वात लांब इंग्रजी शब्द म्हणून मोबाइलवर जे फिरतं ते खरं का. थोडं खरं, बरंच हौसेचं. शब्दकोशात मिळणारा ४५ अक्षरांचा शब्द म्हणजे 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी केवळ लांबीसाठी रचला. तरीही त्याचे तुकडे प्रामाणिक आहेत: फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आणि शेवटी 'ओसिस' म्हणजे विकार. डॉक्टर हा शब्द वापरत नाहीत, ते 'सिलिकोसिस' म्हणतात. आणि तो रोग कोड्यातला नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत साच्यांसाठी जी वाळू वापरतात तिच्यात सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर हा विकार जडतो. घरात कुणी फौंड्रीत असेल तर हा शब्द पाठ करण्याआधी तोंडावर नीट मास्क बांधायला सांगा.

२८ अक्षरांचा 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' मला जास्त आवडतो, कारण त्यात नकारावर नकार आहे. इंग्लंडमध्ये चर्च ही सरकारमान्य संस्था होती. एकोणिसाव्या शतकात ती मान्यता काढावी अशी मागणी झाली, आयर्लंडच्या चर्चची तर १८६९ च्या कायद्यानं काढलीही. ती काढायला विरोध करणाऱ्यांची भूमिका म्हणजे हा शब्द. मधला 'एस्टॅब्लिश' धरायचा आणि दोन्ही बाजूंना एकेक तुकडा लावत जायचं. पाच मिनिटांत पाठ होतो.

२९ अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' म्हणजे कस्पटासमान लेखणं. खरंच तसंच आहे ते: लॅटिनच्या व्याकरणात 'काडीची किंमत नाही' या अर्थानं येणारे चार शब्द, लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, शून्य आणि केस, विद्यार्थ्यांनी चेष्टेत एकापुढे एक ठेवले. विल्यम शेन्स्टन या कवीच्या १७४१ च्या पत्रात तो सापडतो. त्यात आय नऊ वेळा येतो आणि ई, इंग्रजीतलं सर्वात जास्त वापरलं जाणारं अक्षर, एकदाही नाही. शेक्सपिअरच्या एका नाटकात २७ अक्षरांचा 'ऑनोरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस' आहे, त्यात व्यंजन आणि स्वर शेवटपर्यंत आळीपाळीनं येतात. दाखवायला छान, स्पर्धेला निरुपयोगी.

असल्या शब्दांना 'सेस्क्विपेडेलियन' म्हणतात, दीड फुटी. होरेस या रोमन कवीनं अवजड शब्दांना दिलेलं हे नाव, आणि त्यातला 'पेड' पहिल्या घरातला, पाय. आपण दीड हा आकडा शहाण्यांना लावतो, रोमन लोकांनी तो शब्दांना लावला. लांब शब्दांच्या भीतीसाठी 'हिप्पो' जोडून केलेला एक राक्षसी शब्दही मोबाइलवर फिरतो. तो थट्टेसाठी बनवला आहे, त्यात वेळ घालवू नका.

अक्षरांच्या कसरतींचा एक वेगळाच गट यादीत असेल. 'फसिशस' आणि 'ॲबस्टिमियस'मध्ये पाचही स्वर ओळीनं येतात. 'सबकॉन्टिनेंटल'मध्ये तेच पाच उलट्या क्रमानं. 'डर्मॅटोग्लिफिक्स', म्हणजे बोटांच्या ठशांचा अभ्यास, यात १५ अक्षरं आणि एकही दोनदा नाही. 'टाइपरायटर'ची सगळी अक्षरं कीबोर्डच्या वरच्या एकाच ओळीत आहेत. कंटाळा आला की हे खेळावं. यातून अर्थ कळत नाही. एक 'बुककीपर' तेवढा कामाचा, कारण दोन ओ, दोन के, दोन ई लागोपाठ येतात हे लक्षात ठेवलं की तो कधी चुकत नाही.

स्पेलिंगसाठी उगम कसा उपयोगी पडतो ते सांगून थांबतो. 'फ'चा आवाज आणि शब्द ग्रीक असेल तर बहुधा पी-एच. 'क'चा आवाज सी-एचनं लिहिला असेल तर बहुधा ग्रीक: क्रॉनॉलॉजी, आर्किटेक्ट, सायकॉलॉजी. आर-एच, पी-एस, मधला वाय या ग्रीक खुणा. तुकडा लॅटिन असेल तर साधा एफ, साधा सी, शेवटी टी-आय-ओ-एन. 'ऑफ्थॅल्मॉलॉजी' मोठी माणसंही चुकीचा लिहितात, कारण आपण 'ऑप्थॅल' असं म्हणतो आणि पहिला एच गाळतो. ग्रीकमध्ये तिथं 'फ' आणि 'थ' दोन्ही आहेत, म्हणून पी-एच आणि लगेच टी-एच.

वही अशी करा: एका पानावर एक तुकडा, वर त्याचा अर्थ आणि ग्रीक की लॅटिन, खाली डावीकडे त्याचे खरे नातेवाईक, उजवीकडे तीच अक्षरं असलेले परके. उजवी बाजू रिकामी ठेवू नका, शिकणं तिथंच होतं. दिवसाला दोन तुकडे पुष्कळ झाले. आठवड्यातून एकदा तिनं कधी न पाहिलेला शब्द द्या आणि शब्दकोश न उघडता अर्थ काढायला सांगा. चुकला तरी चालेल, पण तो अर्थ कुठल्या तुकड्यावरून काढला ते तिला सांगता आलं पाहिजे. उगम देणारा जाडजूड शब्दकोश घरी नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात तिला घेऊन जा. मोबाइलवरच्या याद्यांमध्ये अर्थ असतात, घराणी नसतात.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच स्पेलिंग स्पर्धांत मुलाला शब्दाचा अर्थ आणि उगमाची भाषा विचारायची मुभा असते, आणि आपली मुलं संकोचून विचारत नाहीत. तुमच्या शाळेच्या नियमांत ते बसतं का ते आत्ताच बघा. बसत असेल तर घरी सराव करतानाही तिला प्रत्येक शब्दाआधी 'ग्रीक की लॅटिन?' असं मोठ्यानं विचारायची सवय लावा. दुसरं, ब्रिटिश आणि अमेरिकन यांपैकी कुठलं स्पेलिंग ग्राह्य, की दोन्ही, हे शाळेकडून लेखी घ्या. 'ऑर्थोपीडिक्स', 'पेडिॲट्रिक्स', 'ॲनिमिया', 'एन्सायक्लोपीडिया' या चारही शब्दांत एका ए-वरून गुण जाऊ शकतो.